घरच्या ज्येष्ठांची फिजिओथेरपी: खुर्चीतून उठण्यापासून जिना उतरण्यापर्यंत

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपल्याकडे दिवसभर एकच वाक्य ऐकवलं जातं: तुम्ही बसा, आम्ही करतो. पाण्याचा तांब्या हातात आणून दिला जातो, भाजीची पिशवी काढून घेतली जाते, जिना नको म्हणून खाली जाणं बंद होतं. यामागे माया असते हे खरं. पण पायांतली ताकद याच मायेपोटी सर्वांत वेगाने जाते, आणि घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के घटत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहून जास्त उतरते, आणि झटकन ताकद लावण्याची क्षमता त्याहीपेक्षा आधी जाते. तोल गेला की पाय पटकन पुढे टाकून सावरता येतं ते या क्षमतेमुळे. धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो स्नायू कमी झाले होते. तापात किंवा ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस झोपून काढलेल्या आजींना नंतर संडासापर्यंत जाताना धरावं का लागतं, ते यावरून कळेल. आणि याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे: पुरेसा भार दिला तर नव्वदीतला स्नायूसुद्धा ताकद कमावतो. 'पुरेसा' हा शब्द इथे महत्त्वाचा. बसल्या बसल्या पंजे हलवणं, मनगटं फिरवणं यात वाईट काही नाही, पण त्याने कुणी खुर्चीतून उठायला शिकत नाही.

व्यायामाआधी काय मोजायचं

पहिलं मोजमाप रक्तदाबाचं, पण नेहमीसारखं बसून नव्हे. पाच मिनिटं आडवं झोपल्यावर एकदा मोजा. मग उभं राहून एक मिनिटाने आणि पुन्हा तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर उठल्यावर येणारी अंधारी आणि पडणं यांचं कारण बहुधा तिथेच आहे. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्यांमुळे हे अनेकदा होतं. तिन्ही आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. मनाने गोळी बंद करू नका.

दुसरं मोजमाप खुर्चीचं. बैठक जमिनीपासून ४३ सेंटीमीटर, म्हणजे १७ इंच उंचीची हवी आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हात छातीवर फुलीसारखे धरून ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजायचं. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ पेक्षा आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी, ७० ते ७४ मध्ये १२ आणि १० पेक्षा कमी, ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १० पेक्षा कमी, ८० ते ८४ मध्ये १० आणि ९ पेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका जास्त धरला जातो. हाताचा आधार घ्यावाच लागला तर शून्य लिहायचं. हे आकडे अमेरिकेतल्या तपासणीपद्धतीतले आहेत, त्यामुळे एखाद्या अंकाच्या फरकाने घाबरू नये. आपल्या माणसाचा आजचा आकडा आणि सहा आठवड्यांनंतरचा आकडा, ही तुलना खरी उपयोगाची.

तिसरं, त्याच खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी असेल तर काठीसह. १२ सेकंद किंवा जास्त लागली तर तोल आणि ताकद दोन्हींवर काम हवं. वन रूम किचनमध्ये तीन मीटर मोकळे मिळत नाहीत, तेव्हा हे गॅलरीत किंवा मजल्यावरच्या पॅसेजमध्ये घ्या.

छातीत दुखणं, थोड्या हालचालीने दम लागणं, अलीकडचा हृदयविकाराचा झटका, एकाच पोटरीला आलेली सूज आणि ऊब, अचानक वाकडं झालेलं तोंड किंवा अडखळती जीभ, लघवीवरचा ताबा जाऊन पाय लुळे पडणं: यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर. बिछान्यात कूस बदलताना काही सेकंद घर फिरल्यासारखं वाटत असेल तर तो बहुधा कानाच्या आतल्या तोलयंत्रणेचा दोष असतो. मान विशिष्ट क्रमाने फिरवून तो बऱ्याचदा एक-दोन बैठकांत बरा होतो. हे जाणकाराकडूनच करून घ्यावं. चक्करच्या गोळ्यांवर महिनोन्महिने काढू नयेत.

खुर्चीतून उठणं: एकच व्यायाम जमणार असेल तर हा

मांड्यांचा पुढचा भाग, नितंब, पोट आणि तोल हे सगळं एकाच हालचालीत कामाला लागतं, आणि ती हालचाल कमोडवरून उठण्यासाठी, टॅक्सीतून उतरण्यासाठी, बसमधल्या सीटवरून उठण्यासाठी रोज लागते. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी घ्या. प्लास्टिकची हलकी खुर्ची मागे सरकते आणि सोफा-कम-बेड इतका खाली आणि मऊ असतो की तरुणालाही जोर लावावा लागतो.

बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकून बसायचं. पावलांत खांद्याएवढं अंतर ठेवायचं आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायच्या. मग कमरेतून पुढे झुकायचं, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईपर्यंत. आता टाचांनी जमीन दाबत, श्वास सोडत उभं राहायचं. पूर्ण सरळ झाल्यावर क्षणभर थांबून चार आकडे मोजत सावकाश खाली यायचं.

चुका ठरलेल्या असतात. सर्वांत मोठी म्हणजे पाय पुढे पसरून उठायचा प्रयत्न. मग शरीर मागे ओढलं जातं आणि माणूस 'ताकदच नाही' म्हणून हार मानतो. खरं तर ताकद असते, पावलं चुकीच्या जागी असतात. दुसरी म्हणजे पुढे झुकायची भीती. समोर एक स्टूल ठेवलं की ती कमी होते. तिसरी, धपकन बसणं. खाली येताना स्नायू ताणत काम करतो आणि जिना उतरताना तेच काम लागतं, म्हणून बसण्याच्या वेगावरचा ताबा कधीही सोडू नये. धपकन बसल्याने मणक्यालाही दणका बसतो, आणि हाडं ठिसूळ असतील तर तेवढ्यानेही मणका दबू शकतो. गुडघे आत एकमेकांकडे वळत असतील तर मांड्यांमध्ये लहान उशी धरायला द्या.

मुळीच उठता येत नसेल तर बैठकीवर घडी केलेली चादर किंवा घट्ट गादी ठेवून उंची पाच ते आठ सेंटीमीटर वाढवा. आधी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे दाबून, मग एका हाताने, मग हाताविना. आठ ते दहा वेळा एक फेरी, मध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा एक फेरी. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. शेवटच्या दोन वेळा कष्टाने व्हायला हव्यात. बारा सहज होऊ लागल्या की गादी काढा. नंतर एक किलो साखरेचं पाकीट छातीशी धरायला द्या. वजन वाढवायला आपल्याकडे घरची माणसं फार कचरतात आणि सहा महिने त्याच दहा उठाबशा चालू राहतात. तिथे प्रगती थांबते.

ओट्याजवळचे व्यायाम

स्वयंपाकघरातला ओटा हा मुंबईच्या घरातला सर्वांत भरवशाचा कठडा. तो हलत नाही आणि कमरेच्या उंचीचा असतो. गॅस बंद, ओटा कोरडा, जमिनीवर तेलाचा थेंब नाही, एवढं पाहून सुरू करा. फ्रिजचं दार, चाकांची ट्रॉली, टेबलावरचा कपडा यांना आधार समजू नका.

ओट्याकडे तोंड करून दोन्ही टाचा उचला, दोन आकडे थांबा, हळू खाली. दहा ते पंधरा वेळा. मग टाचांवर उभं राहून पुढचे पंजे उचला. हा व्यायाम लोक गाळतात, पण चालताना पंजा पुरेसा उचलला नाही म्हणूनच उंबरठ्याला आणि पायपुसण्याला ठेच लागते. नंतर ओट्याला बाजूने उभं राहून बाहेरचा पाय सरळ बाजूला न्यायचा. धड दुसरीकडे कललं तर पाय उंच गेल्यासारखा दिसतो पण नितंबाच्या बाजूचा स्नायू कामच करत नाही. पाय एक वीतभरच गेला तरी चालेल, धड मात्र ताठ हवं. प्रत्येक बाजूला दहा.

गुडघ्यासाठी खुर्चीत टेकून बसायचं आणि घोट्यावर वजन बांधून पाय सरळ करायचा, तीन ते पाच आकडे धरायचा, हळू खाली. वजनाचे पट्टे वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळतात. घरी करायचं तर अर्धा किलो मूग कापडी पिशवीत घट्ट शिवून तिला बंद लावा. दहा वेळांच्या दोन फेऱ्या सहज झाल्या की अर्धा किलो वाढवा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात ज्येष्ठांसाठी तयार झालेला घरगुती व्यायामक्रम अशाच घोट्याच्या वजनांवर आणि तोलाच्या सरावावर उभा आहे आणि त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालं.

गुडघ्याची झीज असलेल्यांचा प्रश्न ठरलेला: दुखतं तर करायचं का? दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं चालतं. व्यायामानंतर दोन तासांहून जास्त दुखत राहिलं, किंवा दुसऱ्या सकाळी गुडघा सुजला, तर पुढच्या वेळी वजन किंवा संख्या निम्मी करा. व्यायाम पूर्ण सोडू नका. मांडीचा स्नायू बारीक झाला की गुडघ्यावरचा भार वाढतो आणि दुखणंही वाढतं.

तोलाचा सराव

जिथे दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं आणि समोर खुर्चीची पाठ ठेवायची. आता कुठल्याही बाजूला गेलं तरी पडायला जागा नाही. पावलं जुळवून दहा सेकंद. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यालगत. मग एका रेषेत, टाचेला अंगठा लावून. मग एका पायावर. प्रत्येक पायरी दहा सेकंद न डगमगता जमली की पुढची. एका रेषेत दहा सेकंद उभं राहता येत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला समजावा.

आधार फक्त बोटांच्या टोकांचा. घट्ट पकडून उभं राहिल्यास तोलाचा सराव होतच नाही. थोडं डगमगणं हवंच, त्याशिवाय घोट्याला आणि मेंदूला शिकायला काही मिळत नाही. नंतर त्याच स्थितीत मान डावी-उजवीकडे फिरवायची, मग ओट्याच्या कडेने आडवं चालायचं, उलटं चालायचं. सोबत असलेल्याने समोरून हात ओढू नये. दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभं राहून कमरेशी हात तयार ठेवावा. मधुमेहाने तळपायाची संवेदना गेली असेल तर अनवाणी करू नये.

चालणं, आणि त्याची मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन किंवा अधिक दिवस तोलाचा सराव करावा. आपल्याकडे यातलं फक्त पहिलं लोकांना माहीत आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती रोज दोन फेऱ्या मारणारे आजोबाही कमोडवरून उठताना हात टेकतात, कारण सपाट चालण्याने मांडीला भार मिळत नाही. आणि जे आधीच डगमगतात त्यांना भरभर चालायला लावणं धोक्याचं आहे. त्यांनी आधी दीड-दोन महिने खुर्ची आणि ओटा करावा, मग अंतर वाढवावं.

चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतात. पेव्हर ब्लॉक उचकटलेल्या फुटपाथपेक्षा सोसायटीचं आवार बरं. जून ते सप्टेंबर बाहेरचं चालणं बंद पडतं आणि ऑक्टोबरमध्ये पायांत जोर नाही अशी तक्रार येते, म्हणून पावसाळ्याची सोय आधीच करा: इमारतीचं पार्किंग, चाळीची गॅलरी किंवा घरातला पॅसेज. दहा मीटरच्या गॅलरीत एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पन्नास खेपा म्हणजे अर्धा किलोमीटर. वळताना जागच्या जागी पाय फिरवू नये. लहान पावलांनी गोल घ्यावं, कारण घरातल्या घरात अनेकदा वळतानाच तोल जातो.

जिन्याचा नियम साधा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हात कठड्यावर. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी दर मजल्याला खुर्चीपुरती जागा करून घ्यावी, शेजारी सहसा नाही म्हणत नाहीत. सोबत्याने उतरताना एक पायरी खाली आणि चढताना एक पायरी मागे राहावं. लोकलची पायरी फलाटापासून बरीच उंच असू शकते. तिचा सराव घरी पहिल्या पायरीवर करता येतो: एक पाय वर, जोर देऊन दुसरा वर, पुन्हा खाली, प्रत्येक पायाने आठ वेळा. हा जोर जमत नाही तोवर गर्दीच्या वेळची लोकल टाळावी.

जमिनीवर बसणं

गुडघे दुखले की 'खाली बसू नका' हे सांगितलं जातंच. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी, आणि झीज जास्त असलेल्यांनी, सर्जनच्या सूचना पाळाव्यात: खुब्याच्या ऑपरेशननंतर मांडी घालणं, बुटका पाट आणि उकिडवं बसणं बहुतेक वेळा बंद असतं. पण ज्यांना तसं काही नाही त्यांनी जमिनीवर बसणं-उठणं सोडू नये असं आमचं ठाम मत आहे. पूजेला, नातवंडाशी खेळायला खाली बसणारं माणूस रोज पूर्ण हालचालीचा व्यायाम करत असतं. आणि ते सुटलं की पडल्यावर जमिनीवरून उठण्याचं कौशल्यही सुटतं. एकदम जमिनीवर जमत नसेल तर आधी चौरंग, मग पाट, शेजारी पक्की खुर्ची.

पडल्यावर उठण्याची पद्धत हीच आहे आणि ती पडण्याआधी शिकवून ठेवावी:

१. लगेच उठू नका, उठवू नका. एक-दोन मिनिटं तसंच पडून खुबा, मनगट, डोकं, मान दुखते का ते पाहा.
२. एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळलंय, जांघेत तीव्र कळ आहे, पाय उचलत नाही: बहुधा खुब्याचं हाड मोडलंय. हलवू नका, १०८ ला फोन करा.
३. ठीक असेल तर कुशीवर वळा, कोपरावर, मग दोन्ही हात आणि गुडघ्यांवर या.
४. रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात बैठकीवर ठेवा.
५. ताकदीचा पाय पुढे घेऊन पाऊल जमिनीवर रोवा, हात आणि तो पाय एकदम दाबून उठा, वळून बसा. पाच मिनिटं तिथेच.

मदतीला असलेल्याने काखेत हात घालून उचलू नये. त्याने खांदा निखळू शकतो आणि उचलणाऱ्याची कंबर धरते. एक खुर्ची समोर द्यावी, उठल्यावर दुसरी मागे सरकवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर माणूस हसत-बोलत असला तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. डोक्यातला रक्तस्राव काही तासांनीही वाढतो.

न्हाणीघर, उंबरठा, काठी

घर बदलायचं तर न्हाणीघरापासून. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही, आणि रबरी चोषकाने चिकटणारे हँडल ओल्या टाइलवरून कधी सुटेल सांगता येत नाही. स्टीलचा दांडा भिंतीत अँकर बोल्टने बसवून घ्या. कमोडशेजारी आणि नळाजवळ, जमिनीपासून ८५ ते ९० सेंटीमीटरवर, आणि नेमकी जागा त्या व्यक्तीला बसवून, हात आपोआप कुठे जातो ते पाहून ठरवा. भिंत पोकळ विटांची असेल तर प्लंबरला आधी सांगा.

मुंबईतल्या लहान न्हाणीघराचं दार अनेकदा आत उघडतं. आत माणूस पडला की त्याच्याच अंगाने दार अडतं. दार बाहेर उघडेल असं करून घ्या. ते शक्य नसेल तर निदान बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवा आणि आतली कडी लावू नका. अंघोळीला पाठ असलेली, पायांना रबरी बुचं लावलेली खुर्ची घ्या. बादली स्टुलावर ठेवली की वाकणं वाचतं. बादली दुसऱ्याने भरून द्यावी. भारतीय पद्धतीचा संडास असेल, किंवा चाळीच्या टोकाला सामायिक असेल, तर मध्ये छिद्र असलेली कमोड खुर्ची त्यावर ठेवता येते. रात्रीसाठी तीच बिछान्याजवळ ठेवावी. रात्रीच्या वाटेवर छोटा एलईडी दिवा, उंबरठ्यावर ठळक रंगाची पट्टी, दुमडणारं पायपुसणं हद्दपार. हवाई चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सपाट चप्पल. गाऊन, परकर आणि लुंगी घोट्याच्या वर.

काठीची मूठ मनगटाच्या सुरकुतीच्या उंचीला असावी. चप्पल घालून, हात सैल सोडून मापा, म्हणजे कोपर किंचित वाकतं. काठी धरायची दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आणि ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. हे बहुतेकांचं उलट असतं. खालचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं की लगेच बदला, पावसात ओल्या लादीवर ते साबणासारखं घसरतं. वॉकर घेण्याआधी न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजा. वॉकर आत जात नसेल तर दारापासून कमोडपर्यंत भिंतीला दांडा लागेल.

आजारपणानंतर

आजारपणात पहिल्या दिवसापासून हालचाल हवी. खुब्याच्या फ्रॅक्चरच्या ऑपरेशननंतर, सर्जनची परवानगी असेल तर, दुसऱ्याच दिवशी उभं करतात. घरच्यांनी 'आज राहू दे' म्हणू नये. गुडघा बदलल्यावर गुडघ्याखाली उशी ठेवू नका. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी टाचेखाली ठेवा. जागेपणी दर तासाला पंजे वर-खाली दहा-पंधरा वेळा. पूर्ण अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस दर दोन तासांनी बदला आणि टाचा गादीवरून अधांतरी राहतील अशी उशी पोटरीखाली द्या, कारण टाच आणि माकडहाडाजवळ जखमा आधी होतात. त्वचा लाल होऊन दाबल्यावर पांढरी पडत नसेल तर जखम सुरू झाली आहे.

स्नायूंना खाणंही लागतं. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. चहा-बिस्कीट, पोहे आणि रात्रीचा वरणभात यांत ती होत नाहीत. अंडं सहा ग्रॅम, पेलाभर दूध सहा-सात, शंभर ग्रॅम पनीर किंवा मासळी अठराच्या आसपास. तिन्ही जेवणांत वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

फिजिओथेरपिस्ट कसा निवडावा

घरी येणाऱ्याकडे फिजिओथेरपीची पदवी आणि महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. विचारण्यात काही गैर नाही. मालिशवाले आणि ब्युरोतून येणारे आया-मावश्या यांचं काम वेगळं. पहिल्या भेटीत त्यांनी माणसाला उठवून, चालवून पाहिलं का, औषधं विचारली का, घराचं न्हाणीघर बघितलं का, याकडे लक्ष द्या. फक्त शेक, करंट आणि मशीन लावून चाळीस मिनिटं संपत असतील, तर दुखणं तात्पुरतं हलकं होईल, पण खुर्चीतून उठणं सुधारणार नाही. चांगला थेरपिस्ट दोन भेटींच्या मधल्या दिवसांसाठी चार-पाच व्यायाम संख्येसह लिहून देतो आणि दर थोड्या आठवड्यांनी वाढवतो.

खर्च झेपत नसेल तर परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. केईएममध्ये हे शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दिलं जातंय. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था १९५५ पासून आहे. तिथे कृत्रिम अवयव आणि आधाराच्या साधनांचंही काम होतं. जाताना जुने एक्स-रे, औषधांची यादी, झोपून आणि उभं राहून घेतलेले रक्तदाबाचे आकडे, आणि गेल्या वर्षात कधी, कुठे, काय करताना पडलात याचा कागद सोबत न्या. ओपीडीत गर्दी असते, बोलायला वेळ थोडा मिळतो. तो कागद समोर ठेवला की तपासणी मुद्द्यापासून सुरू होते.